सात रस्ता ते हरमल: विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी समुद्र कसा वाचायचा?

(या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'हां' आणि 'म्हणजे' कमी केलेत, बाकी जसंच्या तसं. ज्यांचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी खास.)

[००:००] सुरुवात

सात रस्त्यावरच्या आपल्या छोट्या खोलीतून पुन्हा एकदा बोलतोय. आज पंखा बंद केलाय. मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, 'भावा, तुझ्यापेक्षा पंखा जास्त बोलतोय.' खिडकीचं मात्र काही करू शकत नाही. सात बाजूंनी येणारे हॉर्न आत येणारच.

आजचा विषय आहे सर्फिंग. हसू नका! ज्या शहरात नळाला पाणी कधी येणार यावर आख्ख्या घराचं वेळापत्रक ठरतं, त्या शहरात बसून मी लाटेवर उभं राहण्याबद्दल बोलणार आहे.

कारण साधं आहे. जून २०२५ मध्ये होटगी रोडवरच्या आपल्या विमानतळावरून गोव्याला विमान सुरू झालं, फ्लाय नाइंटी-वन कंपनीचं. ते उतरतं मोपाच्या विमानतळावर. मोपा कुठंय? गोव्याच्या अगदी उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात. आणि त्याच तालुक्यात, समुद्राला चिकटून एक गाव आहे, हरमल. तुमच्या मॅपवर ते 'आरंबोल' म्हणून दिसतं. मच्छीमारांचं गाव, आणि गेल्या काही वर्षांत सर्फिंग शिकायला येणाऱ्यांचंही.

तेव्हापासून माझ्याकडे एकच मेसेज वेगवेगळ्या नावांनी येतोय. 'रील बघितली. आम्ही चौघं जातोय. पोहता येतं आम्हाला. काही टीप?'

टीप आहे. पण ती 'पोहता येतं आम्हाला' या वाक्याबद्दल आहे. म्हणून आधी एक गोष्ट सांगतो.

[०२:१०] आम्हालाही पोहता येत होतं

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. जुलै महिना. आम्ही चौघं कोकणातल्या एका किनाऱ्यावर गेलो होतो. चौघंही विहिरीत शिकलेले. पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा, काका वरून ढकलणार, दोन घोट पाणी प्यायचं, आणि आठ दिवसांनी डबा सुटला की आपण पट्टीचे पोहणारे. तुमच्यापैकी निम्मे असेच शिकलेत, मला माहितीये.

किनाऱ्यावर सगळीकडे मोठ्या लाटा फुटत होत्या. फक्त मधे एक पट्टा शांत होता. तिथं फेस नाही, लाट नाही, पाणी जरा गडद. आम्ही म्हणालो, ही जागा बरी आहे. आणि नेमके तिथंच उतरलो.

कमरेइतक्या पाण्यात होतो, तेवढ्यात माझ्या एका मित्राच्या पायाखालची वाळूच सरकली. अर्ध्या मिनिटात तो आमच्यापासून चाळीस-पन्नास फूट लांब. तो किनाऱ्याकडे तोंड करून जीव खाऊन हात मारत होता आणि तरी मागं मागं जात होता. वाळूवर उभे असलेले एक मच्छीमार काका ओरडत होते, "सरळ येऊ नको, आडवा जा! आडवा!" त्याला ते ऐकू आलं नाही. आम्हाला ऐकू आलं, पण कळलं नाही. आडवा म्हणजे कुठं?

त्या काकांनी आणि त्यांच्या मुलानं ट्यूब आणि दोरी घेऊन त्याला बाहेर काढलं. वाचला. पण त्या दिवसापासून त्यानं घोट्याच्या वर समुद्राचं पाणी लागू दिलं नाही.

माझ्या आईला हे मी आजपर्यंत सांगितलं नव्हतं. आई हा पॉडकास्ट ऐकते. आई, चुकलं.

मागच्या हिवाळ्यात तो मित्र आणि मी दोघं हरमलला गेलो. पाण्यात उतरणार नाही, फक्त सोबत येतो, या अटीवर तो आला होता. आजचा भाग त्या चार दिवसांवर आहे. पण मुख्य मुद्दा आत्ताच सांगून ठेवतो: विहीर पोहायची असते, समुद्र आधी वाचायचा असतो. हरमल ही ते वाचन शिकायची चांगली शाळा आहे.

[०५:००] जायचं कसं?

विमानानं तासाभरात मोपा. विमान रोज असेलच असं धरू नका, वेळापत्रक बदलत असतं, बुकिंगआधी बघून घ्या. मोपाहून हरमल टॅक्सीनं फार लांब नाही. जानेवारी २०२३ ला हा विमानतळ सुरू व्हायच्या आधी गोव्यात उतरायचं म्हणजे दाबोळी, आणि तिथून आख्खा उत्तर गोवा पार करायचा. ते आता वाचलं.

गाडीनं गेलात तर साधारण चारशे किलोमीटर. सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आजरा, आंबोली घाट, सावंतवाडी आणि खाली गोवा. माझं ऐकाल तर एकदा तरी या रस्त्यानं जा. आपल्याकडे वर्षाला पाऊस पडतो साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, आणि गोव्यात तीन हजारांच्या आसपास. हा फरक आकड्यात कळत नाही. आंबोलीचा घाट उतरताना डोळ्यांना कळतो.

रेल्वेनं मिरजेला जाऊन पुढं लोंढ्यावरून गोव्याला जाता येतं, पण ती गाडी मडगाव-वास्कोकडे नेते, आणि हरमल पार उत्तरेला. कोकण रेल्वेवर जवळचं स्टेशन पेडणे.

भाषेची काळजी करू नका. पेडणे महाल १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांकडे होता, पोर्तुगीजांकडे तो बराच उशिरा गेला. त्यामुळे इथं घरात कोकणी, आणि देवळात, नाटकात, वर्तमानपत्रात मराठी. आपण 'काय मामा' म्हटलं की समोरून उत्तर मराठीत येतं.

[०७:३०] लाट म्हणजे नक्की काय येतं?

आता थोडं विज्ञान. झोपू नका, याच्यावरच जीव अवलंबून आहे.

लाट किनाऱ्याकडे येते तेव्हा आपल्याला वाटतं, पाणी येतंय. खोल समुद्रात तसं नसतं. मंगळवेढ्याकडे ज्वारीची रानं बघितलीत ना? वारा सुटला की आख्ख्या रानावरून एक लाट या बांधापासून त्या बांधापर्यंत जाते. ताटं कुठं जातात का? ताट आपल्या जागेवर, फक्त वाकतं आणि परत उभं राहतं. पुढं सरकतो तो वाऱ्याचा जोर. समुद्राचंही तसंच. पाणी जागच्या जागी गोल फिरतं, पुढं जाते ती ऊर्जा.

ही ऊर्जा कुठून येते? काही जवळच्या वाऱ्यातून. आणि काही हजारो किलोमीटरवरून, पार दक्षिणेकडच्या हिंदी महासागरातल्या वादळांतून. ते वादळ आपल्याला दिसतही नाही. त्याच्या लाटा काही दिवस प्रवास करून केरळ, कर्नाटक, गोवा, कोकण असं करत येतात. म्हणून कधी कधी वारा पडलेला असतो, आकाश निरभ्र असतं, आणि तरी समुद्र उसळलेला असतो.

मग लाट फुटते का? कारण खाली जमीन लागते. पाणी उथळ झालं की लाटेचा खालचा भाग घासून मंदावतो, वरचा भाग तसाच पुढं जातो, आणि लाट तोंडावर पडते. धावताना पाय अडकला की माणूस पडतो, तसं. ढोबळ हिशोब असा की पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीवर आली की लाट फुटते. एक मीटरची लाट साधारण सव्वा-दीड मीटर पाण्यात फुटणार.

म्हणजे उलटंही खरं. लाट जिथं फुटते, तिथं पाणी उथळ. आणि जिथं फुटत नाही तिथं? तिथं खोल. आमच्या त्या 'शांत' पट्ट्याची गोष्ट आता तुमच्या लक्षात यायला लागली असेल.

हरमलचा किनारा रुंद आणि वाळूचा, उतार मंद. त्यामुळे लाट लांबवर फुटते आणि मग पांढरा फेस होऊन सावकाश किनाऱ्याकडे येते. त्या फेसाच्या लाटेवर शिकाऊ माणूस शिकतो. खाली खडक नाही, वाळू आहे. पडलं तर लागतं, पण मोडत नाही. अर्थात किनाऱ्याच्या उत्तर टोकाला खडक आहेतच, तिकडे बोर्ड घेऊन जायचं नाही.

[११:२०] कधी जायचं, कधी अजिबात नाही

नोव्हेंबर ते फेब्रुवारी लाटा लहान, पाणी बरंचसं शांत. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी उत्तम. ऑक्टोबरमध्ये आणि एप्रिल-मेमध्ये लाटा जरा मोठ्या, शिकलेल्यांना त्या आवडतात.

आणि जून ते सप्टेंबर? नाही. विषय संपला. खोल्या स्वस्त असतात, हिरवंगार असतं, रील भारी येते, हे सगळं खरं. पावसाळ्यात गोव्याला जरूर जा, भजी खा, पाऊस बघा. पाण्यात नाही. आमचा जुलै आठवा.

यात नवीन काही नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारीला सरकारी बंदी असते. त्याच्याही कितीतरी आधीपासून दर्यावर्दी लोक नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मगच होडी पाण्यात घालतात. ज्यांचा जन्म पाण्यावर गेला ते थांबतात, आणि आपण चौघं विहिरीत शिकून आलेलो, आपण उतरतो. बघा विचार करून.

आता भरती-ओहोटी. हरमलच्या एका काकांनी मला कोकणातला जुना हिशोब सांगितला. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, म्हणजे भरतीची वेळ येते. आपल्याला सगळ्यात जवळची तिथी कुठली? एकादशी! अकरा त्रिक तेहतीस, भागिले चार, सव्वाआठ. म्हणजे एकादशीला भरती सव्वाआठच्या सुमाराला, सकाळी आणि रात्री. ओहोटी मधे, अडीचच्या आसपास. पंढरपूरच्या जिल्ह्यात राहून इतकी वर्षं एकादशी केली, पण त्याच दिवशी समुद्र काय करतो हे कधी कुणी सांगितलं नव्हतं.

हा हिशोब ढोबळ आहे, गावागणिक फरक पडतो. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था लाटांचा अंदाज आणि उंच लाटांचे इशारे देते, ते मोबाइलवर बघता येतात. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे फरक कमी. नवशिक्यांनी शक्यतो भांगाचे दिवस धरावेत.

[१५:००] ओढ

आता सगळ्यात महत्त्वाचं. इथं रिवाइंड करून दोनदा ऐकलंत तरी चालेल.

लाटांनी पाणी किनाऱ्याकडे ढकललं जातं. ते पाणी परत तर जायलाच पाहिजे. समुद्रात वाळूचे बांध तयार झालेले असतात. त्या बांधात कुठं तरी खिंड असते. सगळं पाणी त्या खिंडीतून जोरात परत जातं. आपल्या शेताचा बांध फुटल्यावर पाणी कसं एकाच तोंडातून धावतं, तसंच. यालाच ओढ म्हणतात.

खिंड खोल असते, म्हणून तिथं लाट फुटत नाही. म्हणून तो पट्टा शांत आणि गडद दिसतो. म्हणून अनोळखी माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते. सापळा लावला असता तरी इतका चांगला लावता आला नसता.

तिचा वेग जोरात असताना सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो. ऑलिम्पिकचा पोहणारा लांब अंतरावर तेवढ्या वेगानं पोहू शकत नाही. त्यामुळे ओढीशी भांडायचं नाही. काय करायचं?

एक, घाबरू नका. ओढ माणसाला खाली खेचत नाही, फक्त बाहेर नेते. माणूस बुडतो तो दमून.

दोन, पाठीवर पडून तरंगा आणि एक हात वर करून हलवा. जीवरक्षकाला हीच खूण कळते.

तीन, दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहा. हेच ते 'आडवा जा'. ओढीचा पट्टा सहसा अरुंद असतो. त्याच्या बाजूला आलात की फुटणाऱ्या लाटाच तुम्हाला आत आणून सोडतात.

चार, मित्र ओढीत सापडला तर त्याच्यामागं उडी मारू नका. ट्यूब, रिकामा कॅन, बोर्ड, जे तरंगतं ते फेका आणि माणसं बोलवा. वाचवायला गेलेलाच बुडाला, अशा बातम्या तुम्हीही वाचल्यात.

गोव्यात किनाऱ्यांवर २००८ पासून दृष्टी मरीनचे जीवरक्षक असतात. लाल-पिवळा झेंडा म्हणजे इथं जीवरक्षकांचं लक्ष आहे, याच भागात पोहा. नुसता लाल झेंडा म्हणजे उतरू नका. त्यांची वेळ संपल्यावर, अंधारात, किंवा दोन बिअर पोटात असताना समुद्र आपला नाही. अडचणीला ११२ नंबर लक्षात ठेवा.

पाण्यात पाय घालायच्या आधी मी आता एक नियम पाळतो. दहा मिनिटं वाळूवर बसायचं. मोबाइल खिशात. लाटा कुठं फुटतात, कुठं नाही, फेस कुठल्या दिशेनं परत चाललाय, हे बघायचं. दहा मिनिटांत समुद्र बरंच काही सांगतो.

[१९:१०] पहिला वर्ग

हरमल आणि शेजारच्या आश्वे-मांद्रे किनाऱ्यांवर सर्फिंग शिकवणारे बरेच आहेत. निवडताना चार प्रश्न विचारा. एका शिक्षकामागे किती मुलं? शिक्षक पाण्यात सोबत उतरतो का? जीवरक्षणाचं प्रशिक्षण घेतलंय का? लाटा मोठ्या असल्या तर वर्ग रद्द करता का? शेवटच्या प्रश्नाला 'आम्ही कधीच रद्द करत नाही' असं उत्तर आलं, तर तिथून निघा.

वर्ग वाळूवर सुरू होतो. बोर्ड फोमचा, आठ-नऊ फुटांचा. मला वाटलं लहान बोर्ड सोपा असेल. उलट आहे. मोठा बोर्ड जास्त तरंगतो आणि कमी डुगडुगतो. घोट्याला एक दोरी बांधतात, तिचं दुसरं टोक बोर्डाला. पडलात तरी बोर्ड वाहून जात नाही, आणि दुसऱ्याच्या डोक्यातही जात नाही.

वाळूवर पोटावर झोपायचं, हातानं वल्हवल्यासारखं करायचं, मग छातीशी हात टेकून एका झटक्यात उभं राहायचं. जोर मारून उठायची सवय असलेल्यांना वाटतं, हे आपलंच काम. वाळूवर मला दहापैकी दहा वेळा जमलं. पाण्यात पहिल्या अकरा वेळा पडलो.

पडण्याचीही पद्धत आहे. डोकं खाली घालून सूर मारायचा नाही, कारण खाली उथळ वाळू आहे आणि मानेला दुखापत होते. आडवं, पसरून, पाठीवर पडायचं. वर येताना हात डोक्यावर धरायचे, बोर्ड कुठं आहे माहीत नसतं.

बाराव्या वेळी उभा राहिलो. किती वेळ? तीन सेकंद असतील. पायाखाली काहीतरी जिवंत सरकतंय आणि ते मला घेऊन चाललंय, एवढंच कळलं. मग पुन्हा तोंडात खारट पाणी. पण त्या तीन सेकंदांसाठी माणसं नोकऱ्या का सोडतात, ते समजलं.

हा खेळ आपल्याकडे फार जुना नाही. कर्नाटकात मुल्कीला मंत्रा सर्फ क्लब आहे, तो २००४ चा. २०२१ ला झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये सर्फिंग पहिल्यांदा आलं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला झालेल्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाळनं कांस्यपदक जिंकलं. तामिळनाडू, केरळमध्ये या खेळात आलेली बरीच मुलं मच्छीमारांच्या घरातली आहेत. त्यांना समुद्र वाचायला कुणी शिकवावा लागला नाही.

[२२:४०] पाण्यातला सात रस्ता

सर्फिंगमध्ये वाहतुकीचे नियम आहेत! लाट जिथं फुटायला सुरुवात होते, त्याच्या सगळ्यात जवळ जो असेल, ती लाट त्याची. दुसऱ्यानं मधे घुसायचं नाही. एका लाटेवर एक माणूस. परत आत जाताना येणाऱ्याच्या वाटेतून नाही, वळसा घालून जायचं.

म्हणजे आपण सात रस्त्यावर जे कधीच करत नाही, ते सगळं. इथं मधे घुसलो तर फार तर शिवी मिळते. तिथं नऊ फुटांचा बोर्ड बरगडीत बसतो.

आणि एक नियम शाळेत सांगतीलच असं नाही, म्हणून मी सांगतो. सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत असतील, तर तिथून लांब राहा. रापण म्हणजे समुद्रात अर्धगोल टाकलेलं लांबच लांब जाळं. दोन्हीकडून माणसं ते वाळूवर ओढतात. त्यात कित्येक घरांचा वाटा असतो. आपला बोर्ड त्यात अडकला तर आपली गंमत होते, आणि त्यांची दिवसभराची कमाई जाते. किनारा आधी त्यांचा आहे. ओढायला हात लावू का विचारलंत, तर बहुतेक वेळा हो म्हणतात.

[२४:३०] बोर्ड ठेवल्यावर काय बघायचं?

दुसऱ्या दिवशी खांदे इतके दुखतात की चहाचा कप उचलवत नाही. तो दिवस फिरायला ठेवा.

गोड्या पाण्याचं तळं. किनाऱ्याच्या उत्तर टोकाला कड्याच्या कडेनं दुकानांची पायवाट जाते. पलीकडे छोटा काळाचा किनारा, आणि त्याच्या मागंच, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, गोडं पाणी. जंगलातून येणारा झरा आणि समुद्र यांच्यामधे वाळूचा बांध आहे. आपलं सिद्धेश्वर तळं आठवा. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना सोबत घेऊन ते खोदलं, असं आपण मानतो. तिथं माणसांनी पाणी अडवलं, इथं लाटांनी वाळू आणून अडवलं. पाणी शांत असलं तरी तळाशी चिखल आहे, सूर मारू नका. आणि साबण-शांपू लावून अंघोळ करू नका, एवढंसं तळं आहे. झऱ्याच्या कडेनं आत चालत गेलं की दाट झाडी आणि एक मोठा वड लागतो.

केरी आणि तेरेखोल. हरमलच्या उत्तरेला केरीचा किनारा, सुरूच्या झाडांचा. सह्याद्रीतून बांद्यावरून येणारी तेरेखोल नदी इथं समुद्राला मिळते. बघायला सुंदर, पोहायला नाही. नदीच्या मुखाशी नदीचा जोर, भरती-ओहोटी आणि सरकते वाळूचे बांध असं सगळं एकत्र येतं. ओढीबद्दल आत्ता जे सांगितलं, ते तिथं दुप्पट. फेरीबोटीनं पलीकडे गेलं की तेरेखोलचा किल्ला. सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधलेला, १७४६ ला पोर्तुगीजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी आत शिरून तिथं तिरंगा लावला होता, गोवा मुक्त व्हायच्या सात वर्षं आधी. पुढं त्या किल्ल्याचं हॉटेल झालं होतं.

मोरजी. दक्षिणेला मांद्रे, आश्वे ओलांडलं की मोरजी. इथं ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात रात्री वाळूत अंडी घालायला येतात. एका वेळी शंभरच्या आसपास. पन्नास-साठ दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. वाळू जास्त गरम असली की माद्या जास्त, थंड असली की नर जास्त. वनखातं घरट्यांना कुंपण घालून राखण करतं. पिल्लं समुद्राकडच्या उजेडाच्या दिशेनं चालतात. आपण मोबाइलचा फ्लॅश मारला की त्यांची दिशा चुकते. तेव्हा फोटो नको, लांबून बघा.

शिरोडा. तेरेखोलच्या पुढं रेडी आणि मग शिरोडा, सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं. १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथं झाला होता. वि. स. खांडेकर इथल्याच शाळेत शिक्षक होते. अर्ध्या दिवसात होतं.

भाड्याची गाडी घेताना काळी पाटी, पिवळे आकडे बघून घ्या, आणि हेल्मेट घाला.

[२९:००] तुमचे प्रश्न

*'पोहता येत नाही. सर्फिंग शिकता येईल का?'*
कमरेइतक्या पाण्यात शिक्षकासोबत बरेच जण शिकतात. पण माझं मत: आधी इथल्या तरण तलावात महिनाभर जा. पोहणं राहू दे, निदान पाठीवर पाच मिनिटं शांत तरंगायला शिका. ते एक आलं तरी अर्धी भीती जाते.

*'मुलींसाठी कसं आहे? घरचे सोडत नाहीत.'*
आमच्या वर्गात निम्म्या मुली होत्या. पूर्ण हातांचा पोहण्याचा टी-शर्ट आणि लेगिंग चालतात, उन्हापासूनही वाचतं. घरच्यांना हा भाग ऐकवा. 'जाऊ नको'पेक्षा 'काय बघून उतरशील?' हा प्रश्न त्यांनी विचारायला हवा.

*'काय न्यायचं?'*
सनस्क्रीन, पाण्याची बाटली, दुखण्यावरचं मलम. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी, कारण सर्फिंगनंतर जी भूक लागते तिला तोड नाही. आणि टॉवेल. आपलं शहर आख्ख्या देशाला टॉवेल पुरवतं, तुम्ही तिथं जाऊन भाड्यानं टॉवेल घेऊ नका. इज्जतीचा प्रश्न आहे.

[३१:३०] शेवटचा दिवस

मित्राचं काय झालं, ते सांगायचं राहिलं.

तीन दिवस तो वाळूवरच बसला. पण रिकामा नाही बसला. दहा मिनिटं बघायचा नियम मी त्याला सांगितला होता, तो दोन-दोन तास बघत होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं मला बोट करून दाखवलं. "ती बघ. ती गडद पट्टी. आपण त्या दिवशी तिथं उतरलो होतो." किनारा वेगळा होता, पण पट्टी तीच होती. इतक्या वर्षांनी त्याला कळलं होतं की त्या दिवशी काय झालं. आपल्याला पोहता येत नव्हतं म्हणून नाही, वाचता येत नव्हतं म्हणून.

चौथ्या दिवशी तो शिक्षकाकडे गेला आणि म्हणाला, "गुडघ्याच्या वर नेणार नसाल तर येतो." शिक्षकानं हसून मान डोलावली. बोर्डवर पोटावर झोपवलं, एक छोटीशी फेसाची लाट आली, आणि ढकललं. उभा वगैरे राहिला नाही. डोळे गच्च मिटून, ओरडत, आडवाच वाळूपर्यंत आला. उठला, तोंडातली वाळू थुंकली आणि म्हणाला, "अजून एकदा."

तर मंडळी, हरमलला जा. पण जुलैत नको. आणि उतरायच्या आधी दहा मिनिटं बसा.

हा भाग आवडला तर एकच काम करा. तुमच्या ज्या ग्रुपवर गोव्याचा प्लॅन शिजतोय, तिथं टाका. सगळं ऐकायला वेळ नसेल तर त्यांना म्हणा, पंधराव्या मिनिटापासून ऐका.

भेटू पुढच्या आठवड्यात, इथंच, सात रस्त्यावर. आता पंखा लावतो. नमस्कार!